नेटलचा अर्क: पान कुणाचं, मूळ कुणाचं

नेटल या हात लावताच डसणाऱ्या झाडाचा अर्क म्हणून पुरवठादाराकडून जो कॅन येतो, त्यातलं द्रव हिरवं नसतं. फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत कुठलाही रंग, वाळल्या गवताचा हलकासा वास आणि बोटांना चिकटपणा. चिकट असणारच, कारण त्यात मुख्यतः ग्लिसरीन आणि पाणीच असतं. मी शाम्पू, सिरम, टोनर यांचे फॉर्म्युले बनवते. लॅबमध्ये नवीन मुलगा आला की हा कॅन उघडून हमखास विचारतो, "मॅडम, चुकीचं मटेरियल आलंय का?" नाही रे बाबा, बरोबरच आलंय. पानातलं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. ते तेलात उतरतं, तीव्र अल्कोहोलमध्ये उतरतं. पाणी-ग्लिसरीनमध्ये काढलेल्या अर्कात ते येणार कुठून?

मग बाजारातला नेटल शाम्पू इतका हिरवागार कसा? बाटली उलटी करून घटकांच्या यादीच्या शेपटाकडे बघा. बहुतेक वेळा तिथे सीआय 19140 आणि सीआय 42090 भेटतील. पहिला पिवळा, दुसरा निळा. यात बेकायदेशीर काही नाही, दोन्ही रंग सौंदर्यप्रसाधनांत सर्रास चालतात. पण ग्राहकाला "वनस्पती" म्हणून जे दिसतं ते रंगाच्या डबीतून आलेलं असतं आणि खरा अर्क बिचारा तपकिरी असतो, एवढं माहीत असावं. गंमत अशी की नेटलमधून हिरवा रंग काढताही येतो. ई140 हा हरितद्रव्याचा खाद्यरंग गवत, लसूणघास आणि नेटल यांच्यापासूनच बनवतात. फक्त तो रंग म्हणून वेगळा विकला जातो, अर्क म्हणून नाही.

आता प्रत्यक्ष झाडाकडे. स्टिंगिंग नेटल म्हणजे अर्टिका डायोइका. युरोपात, आशियाच्या थंड भागांत आणि उत्तर अमेरिकेत माजणारं तण. हिमालयात याला बिच्छू घास म्हणतात. खाजकुइलीशी याचा काही संबंध नाही. ती शेंगा येणारी वेल, कडधान्यांच्या कुळातली. हे मुद्दाम सांगते, कारण पुरुषांसाठीच्या काही कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र कोंबलेली असतात आणि दोन्ही खाजवतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात.

नेटलच्या पानांवर आणि देठांवर बारीक पोकळ केस असतात. त्यांचं टोक सिलिकाचं, ठिसूळ, आणि त्यावर एक इवलासा फुगवटा. हात लागला की फुगवटा तिरपा तुटतो आणि उरलेलं टोक इंजेक्शनच्या सुईसारखं कातडीत शिरतं. आत काय असतं? शालेय पुस्तकांत अजूनही फॉर्मिक आम्लाचं नाव भेटतं. ते असतं, पण एवढी आग होण्याइतकं नाही. 1947 साली एमेलिन आणि फेल्डबर्ग या दोघांनी त्या रसात हिस्टामिन आणि असिटिलकोलिन असल्याचं दाखवलं. पुढे सेरोटोनिन सापडलं. याच वंशातल्या दुसऱ्या एका नेटलवरच्या 2006 मधल्या अभ्यासात, वेदना बराच वेळ टिकवण्यात ऑक्झॅलिक आणि टार्टारिक आम्लांचा हात असल्याचं दिसलं. थोडक्यात, आपलं शरीर जळजळ आणि दाह घडवायला जी रसायनं वापरतं, त्यातलीच काही हे झाड तयार बाळगून असतं.

आणि वाळवलं, उकळलं किंवा नीट चुरगळलं की ही सगळी यंत्रणा मोडते. अर्कात डंख नसतो. त्यामुळे एखाद्या सिरमच्या जाहिरातीत "नेटलच्या डंखाने रक्ताभिसरण वाढतं, म्हणून केसांची मुळं जागी होतात" असं वाचलं की मला हसू येतं. डंख तर गाळणीच्या आधीच गेलेला असतो.

डंखावर खरोखर झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डॉक्टरांनी 2000 साली तो प्रसिद्ध केला. अंगठ्याच्या बुडाशी सांधा झिजलेले 27 रुग्ण. आठवडाभर रोज दुखऱ्या जागी नेटलचं ताजं पान टेकवायचं, मध्ये काही आठवडे सुट्टी, आणि दुसऱ्या फेरीत तसंच दिसणारं पण न डसणारं पान. हे दुसरं पान होतं पांढऱ्या डेड-नेटलचं, म्हणजे लॅमियम आल्बमचं. डसणाऱ्या पानाने दुखणं जास्त उतरलं. अर्थात, आग झाली की आपल्याला कुठलं पान मिळालंय हे रुग्णाला कळायला वेळ लागत नाही, म्हणून हा निकाल मी जरा हातचं राखूनच वाचते. पण त्यातली विनोदी बाजू पुढे आहे. तिथे ज्या लॅमियम आल्बमला गुण नसलेलं पान म्हणून वापरलं, त्याचाच अर्क केसांच्या आणि त्वचेच्या उत्पादनांत "व्हाइट नेटल" या नावाने घातला जातो. ते झाड नेटलच्या कुळातलंही नाही, पुदिन्याच्या कुळातलं आहे. त्याचे स्वतःचे काही गुण असतीलही. पण बाटलीच्या पुढच्या बाजूला नुसतं "नेटल" लिहून मागे लॅमियम असेल, तर ग्राहकाने काय समजायचं?

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: कुठल्या झाडाचा कुठला भाग? लेबलवर "अर्टिका डायोइका लीफ एक्स्ट्रॅक्ट" असेल तर पान, "रूट एक्स्ट्रॅक्ट" असेल तर मूळ. नुसतं "नेटल एक्स्ट्रॅक्ट" असेल तर काहीही. आणि इथेच सगळा घोळ आहे, कारण पान आणि मूळ ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळी द्रव्यं आहेत. पानात कॅफिओइल-मॅलिक आम्ल, क्लोरोजेनिक आम्ल, फ्लेव्होनॉइड्स, खनिजं. युरोपियन फार्माकोपिया या औषधांच्या दर्जाच्या ग्रंथात पानाचा दर्जा ठरवतात तो पहिल्या दोन आम्लांच्या बेरजेवर, किमान 0.3 टक्के. मुळामध्ये यातलं फारसं काही नसतं. तिथे बीटा-सिटोस्टेरॉल, लिग्नान, स्कोपोलेटिन, पॉलिसॅकराइड्स आणि एक छोटं लेक्टिन प्रथिन. मुळावर झालेल्या अभ्यासाचा हवाला देऊन पानाचा शाम्पू विकणं म्हणजे एकाच्या प्रगतिपुस्तकावर दुसऱ्याला प्रवेश देण्यासारखं आहे.

शाम्पूचं गणित मांडून दाखवते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. धरा, की त्या कॅनमधल्या द्रवात वनस्पतीतून उतरलेला घनभाग 2 टक्के आहे. उरलेलं ग्लिसरीन, पाणी, आणि सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेटसारखं प्रिझर्व्हेटिव्ह. शाम्पूत हे द्रव 1 टक्का घातलं. 200 ग्रॅमच्या बाटलीत ते झालं 2 ग्रॅम, आणि त्यातला नेटलचा खरा ऐवज 40 मिलिग्रॅम. एका वेळी 10 ग्रॅम शाम्पू घेतला तर डोक्यावर पोचले 2 मिलिग्रॅम. तेही दीड-दोन मिनिटांत पाण्याबरोबर मोरीत. यातून टाळूत किती मुरणार, ते तुम्हीच सांगा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण युरोपात आणि अमेरिकेत 1 टक्क्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते, हे क्वचितच कुणी सांगतं. त्यामुळे मार्केटिंगवाले आग्रह धरतात की सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हच्या वर वनस्पतींची नावं यावीत. आम्ही तशी देतोही. माझी एक साधी युक्ती आहे: यादीत फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह शोधायचं. युरोपात त्याची कमाल मर्यादा 1 टक्का आहे. त्याच्या आगेमागे जी पाच-सहा वनस्पतींची वरात दिसते, ती बहुधा सगळी चिमूटभरांचीच.

तरीही आम्ही नेटल घालतो. का? कारण बाटलीवर पानाचं चित्र छापता येतं. हे मी उपरोधाने म्हणत नाहीये, कामाचा भाग म्हणून सांगतेय. युरोपातल्या 655/2013 या नियमात एक तरतूद आहे, ती मला मनापासून पटते. उत्पादनात अमुक घटक आहे असा दावा केला, तर तो मुद्दाम घातलेला असला पाहिजे. आणि घटकाचे गुण सांगताना, तयार उत्पादनातही तेच गुण आहेत असं भासवायचं नाही, जर ते नसतील तर. ही दुसरी अट शब्दशः पाळली तर वनस्पतींची निम्मी कपाटं रिकामी होतील. एका मीटिंगमध्ये मी हे वाचून दाखवलं होतं. "मॅडम, आपण 'नेटलयुक्त' एवढंच लिहू," असा तोडगा निघाला. आता तसंच लिहितात.

टोनर किंवा लीव्ह-ऑन सिरममध्ये परिस्थिती थोडी बरी असते. तिथे अर्क 3 ते 5 टक्क्यांपर्यंत घालता येतो आणि तो धुतला जात नाही. पानातल्या फिनॉलिक द्रव्यांमुळे थोडा तुरटपणा येतो, तेलकट त्वचेला ते बरं वाटतं. पानाच्या अर्काने दाह वाढवणारा एनएफ-कप्पा-बी हा पेशीतला मार्ग दबतो, असं 1999 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं होतं. पण ते पेशींवर, ताटलीत. शाम्पूतल्या किंवा सिरममधल्या नेटलने माणसाच्या डोक्यावर केस उगवतात, याला भक्कम चाचणीचा आधार नाही. "डीएचटी (केसगळतीशी जोडलेलं हार्मोन) रोखतो" हा जो लाडका दावा आहे, तोही मुळाच्या अर्कावरच्या प्रयोगांतून उचललेला. तिथेही 5-अल्फा-रिडक्टेज या डीएचटी बनवणाऱ्या एन्झाइमवर परिणाम दिसला तो अवाच्या सव्वा तीव्रतेला. आणि "सिलिकामुळे केस मजबूत" याबद्दल तर काय बोलावं? झाडातला बराचसा सिलिका त्या काचेसारख्या केसांत, न विरघळणाऱ्या रूपात असतो. तो चोथ्यात राहतो.

खाण्याच्या कॅप्सूलचा विषय मात्र वेगळा, आणि जास्त गंभीर. आमच्या एका काकांनी मध्ये मला फोटो पाठवला. डबीवर पानाचं सुंदर चित्र, खाली "नेटल 500 मिलिग्रॅम, दिवसातून एक". काकांना रात्री चार-चारदा उठावं लागत होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की प्रोस्टेटला नेटल चांगली.

"काका, डॉक्टरांना दाखवलंत का?"

"अगं, नैसर्गिकच आहे की. तू तर रोज घालतेस शाम्पूत."

मी शाम्पूत घालते ते पान. प्रोस्टेटसाठी ज्यावर अभ्यास झालाय ते मूळ. आणि त्या डबीवर दोन्हीपैकी काय आहे हे लिहिलेलंच नव्हतं. जर्मनीच्या कमिशन ई या वनौषधी समितीने मुळाला मान्यता दिली ती प्रोस्टेटच्या साध्या वाढीमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासासाठी, तीही पहिल्या दोन टप्प्यांत, रोज 4 ते 6 ग्रॅम मूळ या मात्रेत. पानाला दिली ती सांधेदुखीच्या तक्रारींसाठी आणि मूत्रमार्ग धुतला जावा म्हणून, रोज 8 ते 12 ग्रॅम. आता भागाकार करा. डबीत मुळाची साधी पूड असेल तर 8 ते 12 कॅप्सूल रोज लागतील. पानाची असेल तर प्रोस्टेटसाठी तिचा उपयोगच नाही. 10:1 असा घट्ट केलेला मुळाचा अर्क असेल तर एका कॅप्सूलमध्ये 5 ग्रॅम मुळाचा ऐवज येतो आणि हिशोब जमतो. पण हे गुणोत्तर लेबलवर लिहिलेलं असेल तरच आपल्याला कळणार! शिवाय गुणोत्तर जुळलं तरी विद्रावक कुठला, हा प्रश्न उरतोच. पाण्यात काढलेला 10:1 आणि अल्कोहोलमध्ये काढलेला 10:1 यांत वेगवेगळी द्रव्यं उतरतात.

अभ्यास काय सांगतात तेही काकांना सांगितलं. 2004 मध्ये जर्मनीतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. 246 पुरुष, वर्षभर, रोज 459 मिलिग्रॅम मुळाचा कोरडा अर्क, आणि दुसऱ्या गटाला बिनऔषधाची तशीच गोळी. लघवीच्या त्रासाचं मोजमाप 35 पैकी गुणांत करतात. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. अर्क घेणाऱ्यांचे गुण सरासरी 5.7 ने उतरले. नुसती गोळी घेणाऱ्यांचे 4.7 ने. फरक आहे, पण एका गुणाचा. 2005 मध्ये इराणमधून आलेल्या 620 जणांच्या चाचणीत मात्र सहा महिन्यांत अर्काच्या गटाचे गुण 19.8 वरून 11.8 वर आले, दुसऱ्या गटाचे 19.2 वरून 17.7 वर. विक्रेते अर्थातच दुसरा आकडा छापतात. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचते आणि पहिल्याकडे जास्त झुकते, कारण बिनऔषधी गोळीनेही या त्रासात बराच आराम पडतो हे प्रोस्टेटच्या इतर औषधांच्या चाचण्यांतही पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आणि कमिशन ईने स्वतःच लिहून ठेवलंय, की हे औषध लक्षणं कमी करतं, वाढलेली ग्रंथी लहान करत नाही.

म्हणजे मूळ निरुपयोगी आहे का? माझ्या मते नाही. तपासणी झालेली असेल, वाढ साधीच आहे हे डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, त्रास सौम्य असेल आणि कुणाला गोळ्यांआधी हे करून बघायचं असेल, तर मुळाचा प्रमाणित अर्क हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. पण रात्री उठावं लागण्यामागे मधुमेह असू शकतो, संसर्ग असू शकतो, कर्करोगही असू शकतो. लघवीतून रक्त, ताप किंवा लघवी तुंबणं यातलं काही असेल तर डबी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. काकांनी शेवटी तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी साधी गोळी दिली आणि संध्याकाळनंतरचा चहा कमी करायला सांगितला. त्यांचं आता बरं चाललंय. नेटलची डबी तशीच पडून आहे.

व्यायामशाळेतल्या मुलांना विकल्या जाणाऱ्या "टेस्टोस्टेरॉन बूस्टर"मधलं नेटल हा आणखी एक उसनवारीचा नमुना. 1997 च्या सुमारास असं दिसलं, की मुळातले लिग्नान एसएचबीजी या रक्तातल्या प्रथिनाला चिकटतात. टेस्टोस्टेरॉन याच प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून तर्क असा, की नेटल चिकटलं की टेस्टोस्टेरॉन मोकळं होईल. तर्क ऐकायला छान आहे. पण तो परीक्षानळीतला होता, आणि इराणच्या त्याच मोठ्या चाचणीत सहा महिने मुळाचा अर्क घेऊनही पुरुषांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हललं नाही. सर्दी-शिंकांच्या ॲलर्जीसाठीही नेटल विकतात. तिथला आधार 1990 चा: गोठवून वाळवलेली नेटल 300 मिलिग्रॅम, आठवडाभर, आणि शेवटपर्यंत टिकलेले 69 जण. लोकांच्या एकूण मतात नेटल थोडी वरचढ ठरली, रोजच्या नोंदवहीत जेमतेम. एवढ्याशा काडीवर किती मोठं छप्पर उभारलंय, ते कुठल्याही सप्लिमेंटच्या कपाटात दिसेल.

काही लोकांनी नेटलच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. पानात व्हिटॅमिन के भरपूर असतं. वाफवलेल्या 100 ग्रॅम पाल्यात सुमारे 500 मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज 90 ते 120. वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हा आकडा छोटा नाही. पानाने लघवीचं प्रमाण वाढू शकतं, म्हणून हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे अंगावर सूज असलेल्यांनी, लिथियम किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जपावं. गर्भारपणात नकोच. आणखी एक बाब लेबलवर कधीच नसते: नेटलला खतावलेली, नत्र आणि फॉस्फेट भरपूर असलेली जमीन आवडते, म्हणून ती उकिरडे, गोठ्यांच्या कडा, पडक्या वस्त्या यांच्या आसपास माजते. अशा जमिनीत शिसं-कॅडमियम असेल तर ते पाल्यातही उतरू शकतं. आमच्याकडे माल आला की बरोबरच्या विश्लेषणपत्रात जड धातूंचे आकडे मी आधी बघते, वासबीस नंतर. कॅप्सूल विकणाऱ्या कंपनीला ते पत्र मागा. देत नसेल तर ती डबी घेऊ नका.

घरी नेटलचं पाणी उकळून केसांना लावणाऱ्यांबद्दल विचारतात, म्हणून तेही. ताजा पाला हाताळताना जाड हातमोजे घाला, आणि डोक्याला ताजी पानं चोळण्याचं धाडस करू नका. उकळून गाळलेलं पाणी शेवटच्या धुण्याला वापरायला हरकत नाही, नुकसान सहसा होत नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. फक्त ते बाटलीत भरून आठवडाभर न्हाणीघरात ठेवू नका. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, आणि कोमट, वनस्पतीच्या साखरा असलेलं पाणी जिवाणूंना फार मानवतं. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यानंतर झाडांना घाला.